ओपनसीव्हीचा सोर्स बिल्ड : उत्तम अहवाल, अपुरा पहारा

ओपनसीव्ही ही प्रतिमा आणि व्हिडिओ यांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी. ज्यांचे काम पिपने (पायथॉनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) आणलेल्या तयार पॅकेजवर भागते, त्यांनी ती सोर्समधून बिल्ड करण्याच्या, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करण्याच्या, भरीस पडू नये. मात्र त्या तयार पॅकेजांत कूडाचा (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर गणना करण्याच्या तंत्राचा) आधार नसतो आणि प्रतिमेतील ठळक बिंदू शोधणाऱ्या सर्फसारखे पेटंटमुळे वेगळे ठेवलेले अल्गोरिदमही नसतात. (सिफ्ट या तशाच अल्गोरिदमचे पेटंट मार्च २०२० मध्ये संपल्यावर तो ४.४.० आवृत्तीपासून मुख्य लायब्ररीत आला, हे अनेकांच्या अजून ध्यानात नाही.) मला कूडा हवे होते, म्हणून उबुंटू २२.०४ वर ही लायब्ररी स्वतः बिल्ड केली.

बिल्डची जुळवणी करणाऱ्या सीमेक या साधनाचा पहिला टप्पा मला या लायब्ररीत सर्वाधिक आवडला. कोणता कंपायलर घेतला, व्हिडिओसाठीचे एफएफएमपेग सापडले की नाही, कूडा कोणत्या कार्डासाठी तयार होणार, पायथॉन नेमके कोणते, हे सारे तो शेवटी एका अहवालात छापतो, आणि तोच अहवाल पुढे कधीही लायब्ररीकडूनच मागवता येतो. कार्डाची क्षमता आपण सांगितली (आरटीएक्स ३०६० साठी ८.६), तर नको त्या कार्डांसाठीचे कंपायलिंग टळून पुष्कळ वेळ वाचतो. मुख्य सोर्स आणि कॉन्ट्रिब (जादा मॉड्यूल्सचा वेगळा सोर्स) हे दोन्ही एकाच टॅगवर, म्हणजे एकाच आवृत्तीच्या खुणेवर, असणे मात्र अनिवार्य आहे. चौथ्या आवृत्तीपासून कूडाची मॉड्यूल्स कॉन्ट्रिबमध्येच गेल्यामुळे, एक भाग टॅगवर आणि दुसरा ताज्या शाखेवर ठेवला, तर बिल्ड अर्ध्यात मोडतो. टॅग बदलताना जुनी बिल्ड डिरेक्टरी पुसून टाकावी, कारण सीमेक आधीची उत्तरे कॅशमध्ये जपून ठेवतो.

बिल्ड मोडला तर निदान कळते तरी. मी केलेली चूक त्याहून वाईट होती. उबुंटूच्या एपीटी या पॅकेज साधनाने पूर्वी बसवलेली ४.५.४ आवृत्ती मी काढली नव्हती आणि नवी प्रत यूएसआर-लोकल या डिरेक्टरीत गेली. प्रोग्रामने हेडर (फंक्शनांच्या घोषणांची फाइल) एका प्रतीचे उचलले, लायब्ररी दुसरीची; कंपायलरने चकार शब्द काढला नाही आणि प्रोग्राम चालवताना भलत्याच ठिकाणी कोसळू लागला. एलडीडी ही आज्ञा चालवून प्रत्यक्षात कोणती फाइल लोड होते ते पाहिले, तेव्हा उलगडा झाला. पायथॉनमध्येही हाच धोका आहे: साधे, कॉन्ट्रिब आणि हेडलेस (पडद्यावर खिडक्या न दाखवणारे) ही तिन्ही पॅकेजे सीव्ही२ याच नावाखाली बसतात, त्यामुळे त्यांपैकी एकच ठेवायचे असते.

विंडोजवर हा प्रकार अधिक फसवा होतो. तेथे डीबग (चुका शोधण्यासाठीच्या) बिल्डच्या फाइलींच्या नावाला शेवटी ‘डी’ लागतो. त्या एका अक्षराकडे दुर्लक्ष करून डीबग प्रोग्रामला रिलीज (प्रत्यक्ष वापरासाठीच्या) बिल्डची डीएलएल, म्हणजे लायब्ररीची फाइल, जोडली, तर हे भाग जोडणारा लिंकर तक्रार करत नाही. पण दोन्हींकडे स्ट्रिंगची स्मृतीतील मांडणी वेगळी असल्याने प्रतिमा वाचणाऱ्या आयएमरीड या फंक्शनला दिलेले फाइलनाव पलीकडे पोहोचेपर्यंत विस्कटते. आयएमरीड चूक न दाखवता रिकामी प्रतिमा परत करते आणि माणूस फाइलचा पत्ता तपासत बसतो. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती ५ पासून स्ट्रिंगची मांडणी बदलली असली, तरी तेथे जुन्या-नव्या बिल्डची सरमिसळ बहुधा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ या संदेशाने लिंक होतानाच उघडी पडते, आणि तीच वागणूक मला प्रामाणिक वाटते.

बिल्डच्या सोयीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, बेमेळ प्रती ओळखण्याच्या बाबतीत जेमतेम दोन. त्यासाठीचे साहित्य लायब्ररीत आहे, पण ते आपोआप वापरले जात नाही: हेडरमधील आवृत्ती ‘सीव्ही व्हर्जन’ या मॅक्रोत असते आणि लोड झालेल्या लायब्ररीची ‘गेट व्हर्जन स्ट्रिंग’ या फंक्शनकडून मिळते. आता माझ्या प्रत्येक प्रोग्रामच्या आरंभी या दोन्हींची तुलना होते, आणि त्या जुळल्या नाहीत तर तो तेथेच थांबतो.