डूडेनचा ऑनलाइन कोश: एका क्रियापदावर घेतलेली पारख

डच आधी आणि जर्मन नंतर शिकणाऱ्याला ‘बेलन’ हे क्रियापद हमखास गोत्यात आणते, म्हणून डूडेनच्या विनामूल्य ऑनलाइन जर्मन कोशाची पारख मी याच शब्दावर केली. डचमध्ये त्याचा अर्थ घंटा वाजवणे आणि त्यावरून फोन करणे. आपण ‘बेल वाजली’ म्हणतो त्या बेलचीच ही डच बहीण. जर्मनमध्ये मात्र ‘बेलन’ म्हणजे भुंकणे. उपसर्ग लागला की घोटाळा आणखी वाढतो, कारण डच ‘आनबेलन’ म्हणजे दारावरची बेल वाजवणे, तर जर्मन ‘आनबेलन’ म्हणजे कुणाच्या तरी अंगावर भुंकणे. एका जर्मन घरी ‘मी दोनदा बेल वाजवली’ हे सांगण्याच्या भरात मी ‘इश हाबे त्स्वायमाल आनगेबेल्ट’ म्हणून गेलो, तेव्हा यजमानीणबाईंनी आधी माझ्याकडे आणि मग कोपऱ्यात झोपलेल्या आपल्या कुत्र्याकडे पाहिले. तिथे ‘क्लिंगेल्न’ हवे होते. माझ्या फोनमधले द्विभाषिक ॲप प्रत्येक शब्दापुढे एकच प्रतिशब्द ठेवून मोकळे होत असे, त्यामुळे उपसर्गाची ही भानगड मला त्यात कधी दिसलीच नव्हती.

डूडेन एवढ्यावर थांबत नाही. कुत्र्या-कोल्ह्यांच्या भुंकण्यापासून तोफांच्या धडधडाटापर्यंत या क्रियापदाचा पल्ला जातो, आणि घशातून येणाऱ्या कोरड्या, घोगऱ्या खोकल्यालाही जर्मन लोक ‘भुंकणारा खोकला’ म्हणतात. व्युत्पत्तीही थोडक्यात मिळते. हा कोश एकभाषी असल्याने डच अर्थाची सूचना त्यात शोधू नये. ते त्याचे कामच नव्हे. ‘बोल’, ‘गेबोलन’ अशी आज मागे पडलेली जुनी रूपे ज्याला हवी असतील, त्याने ग्रिम बंधूंच्या कोशाचा 1854 चा पहिला खंड उघडावा. तोही ऑनलाइन आहे. नवशिक्याला डूडेनमधली जर्मन स्पष्टीकरणे जड जातील, पण मध्यम पातळी गाठलेल्याने तो रोज वापरावा असे माझे मत आहे.

मला सर्वांत उपयोगी पडली ती उच्चाराची ध्वनिफीत. रोजच्या डच बोलण्यात शेवटचा ‘न’ बहुधा गिळला जातो आणि ‘बेले’ एवढेच ऐकू येते. जर्मनमध्ये उलट ‘न’ टिकतो, मधला स्वर विरतो आणि कानावर ‘बेल्न’ पडते.