रक्तपेढीचा अनुभव: समुपदेशन उत्तम, फोन मात्र सुधारा

आमच्या भागात आंबेडकर जयंतीच्या शिबिरात मी रक्त देत आले आहे. यंदा शिबिरानंतर रक्तपेढीतून शनिवारी संध्याकाळी फोन आला. "मॅडम, तुमच्या रक्तात जरा प्रॉब्लेम निघालाय, येऊन भेटा." कसला, ते फोनवर सांगता येत नाही म्हणे. आणि रविवारी समुपदेशन बंद!

रक्तदानाच्या फॉर्मवर एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच चाचण्यांची नावं असतात. माझ्या डोक्यात एकच नाव फिरत राहिलं. धाकटीच्या गुडघ्याला खरचटलं होतं, तिला मलम लावायला मी सासूबाईंना सांगितलं. ह्यांना काय सांगायचं, तेच कळेना.

रोगाचं नाव फोनवर घेतलं नाही हे योग्यच, घरात फोन कुणीही उचलतं. पण "ही पहिली चाचणी आहे, पक्कं निदान नाही, सोमवारी दहा वाजता या" एवढं सांगायला काय हरकत होती? शनिवारी संध्याकाळी असा फोन करूच नये, हे माझं ठाम मत आहे.

सोमवारी मात्र वेगळाच अनुभव आला. समुपदेशक मॅडमनी दार लावून घेतलं, नाव आणि जन्मतारीख विचारून फाइलशी ताडून पाहिली. हे बाहेर बसले होते. "त्यांना आत बोलवायचं का, ताई? तुम्ही म्हणाल तसं," असं त्यांनी आधी विचारलं. मग रिपोर्ट माझ्याकडे फिरवून पेन्सिल व्हीडीआरएलच्या ओळीवर ठेवली. बाकीच्या चारही चाचण्या निगेटिव्ह होत्या.

व्हीडीआरएल ही सिफिलिस या गुप्तरोगाची प्राथमिक चाचणी. दुसऱ्या एखाद्या संसर्गानंतर किंवा संधिवातासारख्या काही आजारांतही ती रिअॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, येऊ शकते. रक्तपेढीच्या चाचण्या मुद्दामच अशा काटेकोर ठेवतात, कारण शंका असलेली पिशवी रुग्णाला चढवायचीच नसते. माझी पिशवी बाद झाली होती. खात्रीसाठी टीपीएचए नावाची चाचणी लागते, तिचं रक्त तिथेच घेतलं. ती निगेटिव्ह आली, आणि तो रिपोर्टही मॅडमनी समोर बसवून समजावला. पुन्हा रक्त द्यायचं की नाही, ते त्यांचे डॉक्टर ठरवणार आहेत.

रक्त देतानाच काही लागलं असेल का, हेही मी विचारलं. नाही. सुई पिशवीलाच जोडलेली, सीलबंद येते आणि एकदा वापरून टाकून देतात.

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, ती इथे लिहिते. फुकटात तपासणी होते म्हणून कुणी रक्तदान करू नका. संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणीत दिसत नाही आणि ते रक्त रुग्णापर्यंत पोचू शकतं. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नावही गुप्त ठेवतात.

समुपदेशनाला पाचपैकी पाच, फोनला एक. असा फोन आलाच तर ओळखपत्र आणि रक्तदानाचं कार्ड सोबत न्या. मधल्या काळात एचआयव्हीबद्दल विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.