कोर्व्हो बियांकोत काही महिने राहून: बाग आहे, उत्पन्न नाही

आधीच सांगतो, हे लढाईबद्दल नाही. ‘विचर ३’ हा व्हिडिओ गेम २०१५ चा, त्याचं ‘ब्लड अँड वाइन’ हे विस्तारकथानक २०१६ चं. कुठलं म्युटेशन (लढाईतली खास ताकद) घ्यावं, डेटलाफ या खलनायकाला कसं हरवावं यावर ढिगानं लिहून झालंय. मला बोलायचंय गेराल्टला, म्हणजे मजुरी घेऊन राक्षस मारणाऱ्या गेमच्या नायकाला, मिळालेल्या कोर्व्हो बियांको या द्राक्षमळ्याबद्दल. कथा संपल्यापासून मी तिथेच मुक्कामाला आहे, आणि त्या मळ्यातून एक क्राउनसुद्धा (तिथलं नाणं) हाती लागलेला नाही.

घर पाहावं बांधून, हे तूसाँतही, म्हणजे मळा आहे त्या गेममधल्या प्रांतातही, खरं. तिथली राज्यकर्ती डचेस आना हेन्रिएटा मळा देते, पण बार्नाबस-बाझिल नावाचा कारभारी लगेच दुरुस्त्यांचा विषय काढतो. आधी घर आणि आवार, मग पलंग, तबेला, औषधी वनस्पतींचे वाफे, प्रयोगशाळा, पाहुण्यांची खोली. ज्या माणसानं आख्खा गेम गावकऱ्यांशी राक्षस मारायच्या मजुरीवरून घासाघीस केली, त्याच्या खिशातून हजारो क्राउन जातात. मी लुटीतल्या तलवारी विकून पैसे उभे केले, त्यामुळे ग्रँडमास्टर, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं, चिलखत लांबलं ते लांबलंच.

बरं, एवढं घालून परत काय? मी निफाडकडचा. एकदा काका मागे येऊन उभे राहिले, वेली बघून म्हणाले, “काय रे, छाटणी कधी झाली हिची?” म्हटलं, इथे छाटणी नसते. “डावणी, भुरी?” वेलींवरचे हे रोगही नाहीत. “मग माल कुठे जातो?” तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच बसलंय. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे अवकाळीची धास्ती. इथे वेली बारा महिने तशाच. तोडणी नाही, पेटी नाही, हिशेबाची वही नाही. तूसाँचा अर्धा नकाशा वाइनवर जगतो आणि आपला मळा फक्त शोभेला! एवढी अक्कल लढवून गेम बनवला, वर्षाकाठी एक रक्कम कारभाऱ्याच्या हातून द्यायला काय हरकत होती?

दुसरी चीड अशी की घराचे सगळे फायदेही लढाईत मोजलेले. पलंगावर झोपलं की जीवनशक्ती वाढते, तबेल्यामुळे रोच या घोडीचा दम वाढतो, प्रयोगशाळेमुळे विषारी काढे जास्त पचतात. म्हणजे निवृत्त व्हा, पण पुढच्या कामासाठी.

इथवरचं मत मार्लीन येईपर्यंतचं होतं. चमच्यांच्या शापामुळे राक्षसीण झालेली ती बाई. तिला मारता येतं, किंवा तिच्याबरोबर जेवायला बसून शाप उतरवता येतो. मी जेवलो, आणि नंतर ती मळ्यावर स्वयंपाकाला आली. त्यानंतर मी चिलखत स्टँडवर चढवलं, चित्रकारासमोर ताटकळत उभं राहून काढून घेतलेलं गेराल्टचं चित्र भिंतीवर लावलं आणि साध्या सदऱ्यात फिरायला लागलो. सूचनाफलकावर कामं दिसतात, घेत नाही. रेगिस या जुन्या मित्राबरोबरच्या शेवटच्या गप्पांनंतर गेराल्ट थेट आपल्याकडे बघून हलकं हसतो. पहिल्यांदा ते मला लाडीगोडी वाटलं होतं, आता पटतं. उत्पन्नाचं मात्र अजून पटत नाही.

ज्यांना खरंच सामान्य माणसाचं जगणं हवंय त्यांनी तूसाँची राजधानी बोक्लेर इथल्या बँकेतलं काम चुकवू नये. नोंदीत गेराल्ट मयत, म्हणून खातं बंद. राक्षस मारणारा हा माणूस हयातीच्या दाखल्यावाल्या आजोबांसारखा या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे घालतो, कुठल्याशा ए-३८ अर्जासाठी. संबंध विस्तारात मी सर्वांत जास्त इथे हसलो.

घ्यायचं तर सेलमध्ये घ्या, पूर्ण किंमत देऊ नका. २०२२ च्या डिसेंबरमधलं मोठं अपडेट फुकट आहे. क्राउन कमी असतील तर आधी पलंग, मग तबेला. पाहुण्यांची खोली सगळ्यात शेवटी. माझ्याकडे गेराल्टची प्रेयसी येनेफर आली, आणि तिला काही ती खोली लागली नाही.