मायलारचं पाकीट: बाबांच्या कॉमिकसाठी घेतलं, समाधानी आहे

बाबांनी जपलेला 1960च्या दशकातला सुपरहिरोचा अंक. पानं तपकिरी पडलेली, एका पिनेला गंज. कॉमिकची अवस्था मोजायच्या 0.5 ते 10 या श्रेणीत (10 म्हणजे अगदी नव्यासारखा) मी त्याला प्रामाणिकपणे 4च्या आसपास धरतो. कणा दुमडलाय, पण मुखपृष्ठाचा लाल रंग अजून काय झळकतो!

आधीच्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीला लाटा आल्या होत्या. मायलार म्हणजे पॉलिएस्टर. काचेसारखं स्वच्छ, वर्षानुवर्षं टिकणारं. मागे आम्लरहित पुठ्ठा घातला, कारण वृत्तपत्री कागद स्वतःच्याच आम्लाने ठिसूळ होतो. एक खटकलं: पाकिटाची कड धारदार आहे, अंक सरकवताना कोपरा अडकतो. आधी पुठ्ठ्यावर ठेवून दोन्ही मिळून सरकवा. आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कृपा करून लावू नका.