डबी नामांकित कंपनीची, आतले पेलेट भलतेच

सोलापुरात ज्यांची मुलं टेन मीटर एअर रायफल शिकतात आणि जे रविवारी नेमबाजीच्या रेंजवर बॅग घेऊन येणाऱ्या माणसाकडून पेलेट, म्हणजे एअर रायफलमधून मारायचे शिशाचे दाणे, घेतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्या माणसाचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार दाखल आहे. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी. आमच्या मुलीचा जवळजवळ एक मोसम त्यात गेला.

आधी पेलेटचं महत्त्व सांगते, नाहीतर शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी एवढा संताप कशाला, असं वाटेल. टेन मीटरच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट ४.५ मिलिमीटरचा. हल्ली रायफलचे गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. प्रत्येक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. पेलेटमुळे शॉट पाऊण मिलिमीटर बाहेर पडला की ०.३ गेले, आणि ६० शॉटच्या मॅचमध्ये असं होत राहिलं तर १८ गुण गेले. जिल्ह्यातून पुढे जाणारी आणि घरी बसणारी मुलं यांच्यात एवढं अंतर कित्येकदा नसतंसुद्धा.

म्हणून मॅचचे पेलेट वेगळे असतात. तोंड सपाट, कागदात गोल, स्वच्छ भोक पाडणारं. वजन साधारण ०.५३ ग्रॅम, आणि डबीतल्या प्रत्येक दाण्याचं जवळपास सारखं. डबीवर हेड साईज, म्हणजे पेलेटच्या डोक्याची जाडी मिलिमीटरमध्ये, लिहिलेली असते, ४.४९, ४.५० अशी. कुठल्या रायफलला कुठली साईज आणि कुठला लॉट, म्हणजे एका खेपेला बनलेला माल, मानवेल हे आधी सांगता येत नाही. रायफल शिकंज्यात पक्की बांधायची, वेगवेगळ्या डब्यांतले पेलेट मारायचे, आणि ज्याचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सगळ्यात लहान त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या घेऊन ठेवायच्या. पन्नास मीटरला पॉइंट टू टू (.२२) बोअरच्या रायफलची काडतुसं मारणारेही हेच करतात. तिथे तर गोळीचा वेग आवाजाच्या वेगाखाली राहील अशीच काडतुसं निवडतात, कारण वाटेत आवाजाचा वेग ओलांडून खाली येणारी गोळी डळमळते.

आम्ही ते सगळं रीतसर केलं होतं. मुलीच्या रायफलला ४.५० चा एक लॉट छान बसला होता. त्या माणसाने ते बघितलं, डबीचा फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "मॅडम, हाच माल पुण्याहून आणून देतो. तुम्ही कशाला हेलपाटे मारता?" दर बाजारापेक्षा थोडाच कमी. फार स्वस्त दिला असता तर कोणीही सावध झालं असतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिली डबी अस्सल होती. शिकंज्यात तपासली, पाच शॉट जवळजवळ एकाच भोकात. मग आम्ही त्याच्याकडून एकदम बऱ्याच डब्या घेतल्या. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर "पुढच्या खेपेला आणतो."

त्यानंतर पोरीचे शॉट विखरायला लागले. नऊ, आठ, मधूनच १०.६, परत आठ. ट्रिगर सोडताना तिला आतून जे वाटायचं आणि स्क्रीनवर जे दिसायचं, त्याचा मेळच बसेना. "आई, मी सोडला तेव्हा दहाच होता गं," असं ती रडून सांगायची. सोळा वर्षांच्या मुलीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडणं हे मी घरात रोज बघत होते. त्या माणसाला मी सगळ्यात जास्त दोष देते तो यासाठी. पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

पुढचा डाव आणखी वाईट होता. स्कोअर पडला की सल्ला द्यायला हाच हजर. "पेलेटला काय नाव ठेवता? बॅरल गेलंय बघा." सर्व्हिसिंगसाठी रायफल घेऊन गेला, पैसे घेतले, परत आणून दिली, ग्रुप तसाच. मग म्हणाला, ही मला द्या, मोडीत जे येईल ते देतो, माझ्याकडे एक सेकंडहँड चांगली आली आहे. म्हणजे खराब पेलेट विकून चांगली रायफल बिघडलेली भासवायची, ती पडेल भावात घ्यायची आणि वर स्वतःकडची गळ्यात मारायची. शिसं मऊ असतं, पोलादी बॅरल त्याने सहजासहजी झिजत नाही. आणि तो जी रायफल देत होता तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख दहा वर्षांपूर्वीची होती. दहा वर्षांपेक्षा जुनं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल घेणाऱ्यांनी ती तारीख आधी वाचावी.

बालेवाडीला एका मॅचच्या आदल्या दिवशी सराव चालला होता. शेजारच्या लेनवरच्या एका ज्येष्ठ नेमबाज बाईंनी मुलीची टार्गेटं बघितली, कागदावरची भोकं निरखली आणि विचारलं, "कडा अशा फाटक्या का गं?" त्यांनी आपल्या डबीतले मूठभर पेलेट दिले. त्याच रायफलमधून, त्याच हातांनी, शॉट पुन्हा एकमेकांत बसायला लागले.

सोलापूरला आल्यावर उरलेल्या डब्या घेऊन मी मंगळवार पेठेत आमच्या ओळखीच्या सराफाकडे गेले. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर त्यांनी एकेक दाणा ठेवला. काही ०.४८, काही ०.५१, काही ०.५६. काहींचा मागचा घेर चेपलेला, काहींवर साच्याची रेघ. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुकीत भरतात तसला माल, आणि तोसुद्धा दोन-तीन जातींचा मिसळलेला. एका डबीच्या झाकणावर ४.५० आणि तळाच्या चिठ्ठीवर ४.४९. दुसऱ्या डबीची तळाची चिठ्ठी नखाने सोलली, तर खाली मार्करने लिहिलेलं एका मुलाचं आडनाव निघालं. तो आमच्याच रेंजवरचा. त्याच्या वडिलांनी अक्षर ओळखलं. रिकामी डबी त्या मुलाने रेंजवरच्या भंगाराच्या खोक्यात टाकली होती. आमच्याच मुलांनी टाकलेल्या डब्या उचलून, त्यात भुसा माल भरून, कडेला नवी टेप लावून तो बॅगवाला आम्हालाच विकत होता.

हे इतकं सोपं का जातं तेही सांगते. पॉइंट टू टूची काडतुसं परवान्यावरच मिळतात, परवानाधारक दुकानदाराकडेच, आणि त्यांची नोंद होते. ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला, ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर, परवाना लागत नाही. त्यामुळे पेलेट कोणीही कुठेही विकू शकतो, कुणाच्या वहीत काही लिहिलं जात नाही. हाच माणूस पन्नास मीटरच्या मुलांना "सुटी काडतुसं हवीत का" असंही विचारत होता, असं आता कळतंय. परवान्याशिवाय काडतूस जवळ ठेवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. मुलाच्या किट बॅगमध्ये ते सापडलं तर विकणारा बाजूला राहील आणि पोरगं अडकेल. अशी विचारणा कुणाच्या मुलाला झाली असेल तर घरात दडवू नका, रेंजच्या सचिवांना आणि पोलिसांना सांगा.

तक्रारीचं म्हणाल तर सुरुवात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनपासून केली. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी, मेसेज आणि त्याने काढून घेतलेला डबीचा फोटो जोडला आहे. बातमी लागल्यावर त्याचा फोन आला, "ताई, डब्या देऊन टाका, सगळे पैसे परत करतो." त्याला डब्याच हव्या होत्या, कारण पुरावा तोच आहे. दिल्या नाहीत.

आता रेंजवर रिकाम्या डब्या ठेचून मगच टाकतात. मुलगी परत सराव करते आहे. पेलेट आम्ही बिल देणाऱ्या दुकानातूनच मागवतो आणि प्रत्येक डबीतले थोडे दाणे आधी काट्यावर, मग शिकंज्यात तपासतो. ज्यांनी त्या बॅगेतून डब्या घेतल्या असतील त्यांनी त्या वापरू नयेत आणि फेकूही नयेत. झाकणावरची साईज आणि तळाची चिठ्ठी जुळते का ते पाहा, चिठ्ठीखाली काही लिहिलेलं आहे का तेही पाहा, आणि रेंजच्या सचिवांकडे नाव नोंदवा. आतापर्यंत आम्ही तीन घरं एकत्र आलो आहोत.