पहिल्या माशानंतर काय? सीडीसी आणि स्नोशू सशाचा पाय

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली कीटकाने (फ्लायने) मासे धरण्याच्या छंदात, सीडीसीबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. सीडीसी (कुल द कानार) म्हणजे बदकाच्या शेपटीच्या मुळाशी, तैलग्रंथीभोवती असतात ती इवलीशी पिसं; ती पाण्यावर जशी टेकतात तसं दुसरं काही टेकत नाही. तरीही माझ्या ड्राय फ्लायच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायच्या, डबीत आता त्यांचा एकच कप्पा उरलाय. बाकीचे कप्पे स्नोशू सशाच्या (उत्तर अमेरिकेतला एक ससा) पायाच्या केसांनी बळकावले. तुम्ही या दोघांत अडकला असाल, तर माझं हे मत थोडं एकतर्फी आहे एवढं लक्षात ठेवून वाचा.

बांधायला सीडीसी सोपं, यात वाद नाही. स्लोव्हेनियाच्या मार्यान फ्रात्निक यांची एफ-फ्लाय बघा. गळावर दोऱ्याचं अंग, वर मागे झुकवलेली दोन-तीन पिसं, संपलं. नवशिक्याचीसुद्धा फसत नाही. फक्त पिसांची टोकं कात्रीने सपाट छाटू नका, नखाने खुडा. छाटलेला पंख फ्लायवर झाडूच्या बुडख्यासारखा दिसतो.

सशाचा पाय मात्र पहिल्या दिवशी रडवतो. केस निसरडे, लांबीला कमी-जास्त, आणि सगळे वाकडेतिकडे. स्टॅकरमध्ये (केसांची टोकं जुळवायच्या नळीत) घालून ठोकत बसलात तरी टोकं जुळायची नाहीत, तो नाद सोडा. चिमटीत थोडेच धरायचे, मुळाशी कापायचे, मऊ लव थोडी विंचरून काढायची पण सगळी नाही, आणि दोरा घट्ट ओढायचा. मी सुरुवातीला हावरटासारखे केस घेतले. पंख नाही, झुडूप झालं, आणि दोन वेढ्यांत सगळा जुडगा गळाभोवती फिरला. आता जेवढे घ्यावेसे वाटतात त्याच्या निम्मे घेतो.

म्हणजे टेबलावर सीडीसी जिंकतं. खरा निकाल पाण्यात लागतो, तोही पहिला मासा लागल्यावर.

संध्याकाळची शेवटची अर्धी घटका. मेफ्लाय (माशांचं खाद्य असलेले नाजूक कीटक) उतरताहेत, समोरच्या संथ पट्ट्यात चार-पाच ट्राऊट एका लयीत वर येताहेत. सीडीसीची फ्लाय टाकली, पहिल्याच फेकीत मासा. आनंद तेवढाच. गळ सोडवून फ्लाय हातात घेतली तर पंखाच्या जागी ओल्या वातीसारखं काहीतरी चिकटलेलं. मग धुवा, कापडात दाबा, फुंकर मारा, पावडरच्या बाटलीत हलवा. ओल्या बोटांनी बाटलीचं झाकण उघडताना ते निसटून प्रवाहाबरोबर गेलं ते गेलंच. फ्लाय बदलावी तर अंधुक उजेडात बारीक टिपेट (फ्लाय बांधायचा दोरीचा शेवटचा तुकडा) गळाच्या डोळ्यात जाईना. समोर मासे जेवताहेत आणि मी शिवणकाम करतोय. हे एकदा झालं असतं तर विसरलो असतो, पण त्या मोसमात जवळजवळ प्रत्येक चांगल्या संध्याकाळी असंच झालं.

कारण समजलं की राग थोडा कमी होतो. सीडीसी तेलामुळे तरंगतं असं म्हणतात, पण रंगवण्याआधी धुऊन तेल गेलेली पिसंही बरी तरंगतात. मुख्य काम करतात ती तंतूंवरची सूक्ष्म लव आणि तिच्यात अडकलेली हवा. माशाची बुळबुळ नेमकी तीच लव एकमेकींना चिकटवते. म्हणूनच जेलसारखं फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवायला लावतात ते) सीडीसीला कधी लावू नये, तेही तेच करतं. नुसतं पाणी असेल तर दोन-चार फॉल्स कास्टमध्ये (फ्लाय पाण्याला न टेकवता हवेत पुढे-मागे फेकण्यात) उडून जातं. बुळबुळ उडत नाही.

उपाय आहेत, आणि ते नेटाने करणारे लोक सीडीसीवर खूश असतात. सिलिकाची पावडर उत्तम चालते. अमाडू, म्हणजे झाडाच्या बुरशीपासून केलेला शोषक तुकडा, पावडरच्या आधी वापरला तर आणखी बरं. माझ्या आवडीची युक्ती रबरबँडची: जॅकेटला अडकवलेल्या रबरात गळ टोचायचा, ताणायचा आणि एकतारीसारखी तार छेडायची. पाणी भुर्रकन उडतं. तुमचा स्वभाव टापटिपीचा असेल तर कदाचित तुम्हाला सशाच्या पायाची गरजच पडणार नाही. माझा नाही.

सशाच्या पायाचं अशा वेळी काय होतं? फ्लाय पाण्यात खळबळायची, कापडात एकदा दाबायची, दोन फॉल्स कास्ट, की परत तरंगते. केस कुरळे आणि स्प्रिंगसारखे असल्याने दाबले तरी पुन्हा उभे राहतात, आणि पाणीही फारसं धरत नाहीत. मी मोजमाप ठेवलेलं नाही, पण एका फ्लायवर ओळीने सहा मासे घेतलेत आणि पावडरची बाटली खिशातून काढलीही नव्हती. न्यूयॉर्कमधल्या ऑसेबल नदीवरच्या फ्रॅन बेटर्स यांनी शेपूट, अंग, पंख सगळं एकाच पायाच्या केसांतून काढून ‘द युज्वल’ बांधली, आत फक्त नारिंगी दोरा. ती नदी खळाळती आहे. फ्लाय एवढी राठ का, हे तिथलं पाणी डोळ्यासमोर आणलं की कळतं.

मध्ये पॉली यार्नकडेही (पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याकडे) वळून आलो. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रॉपिलीन ०.९१ च्या आसपास, म्हणजे ते मुळातच तरंगतं. पण जाड पंख केला की कास्ट करताना फ्लाय भिंगरीसारखी फिरते आणि टिपेटला पीळ बसतो. आणि पाकिटावरचं नाव नीट वाचा. अँट्रॉन दिसायला तसंच, पण ते नायलॉन, घनता १.१४. तरंगण्यासाठी म्हणून ते घेतलं असेल तर तुमची निराशा ठरलेली. निम्फच्या (पाण्याखाली चालवायच्या फ्लायच्या) अंगाला मात्र छान चमक देतं. हरणाच्या केसांचं मी थोडक्यात सांगतो: चांगला तुकडा मिळाला तर सोनं, पण ठिसूळ तुकडा दोऱ्याखाली कटाकट तुटतो, आणि पाकिटाबाहेरून तो ओळखायची नजर मला अजून आलेली नाही.

सीडीसीचा तो एक कप्पा का ठेवलाय, तर १८ नंबर आणि त्याहून बारीक गळांसाठी (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान). तिथे सशाचे केस जाड पडतात, आणि आरशासारख्या पाण्यात चोखंदळ माशाला सीडीसीचं धूसर रूप जास्त पटतं असं मला वाटतं. १२ ते १६ मध्ये मी आता विचार करत नाही, हात आपोआप सशाच्या पायाकडे जातो.

घेताना पाय उलटा करून तळवा बघा. पायाच्या वरच्या बाजूचे सरळ, मऊ केस आपल्या कामाचे नाहीत. बोटांच्या मधले आणि तळव्याचे पिवळसर, राठ, कुरळे केस हवेत. काही पायांचा तळवा जमिनीला घासून बोडका झालेला असतो आणि वरून पाय झुबकेदार दिसतो. माझा पहिला तसाच निघाला, त्यातून जेमतेम चार फ्लाय झाल्या.