हक्कसोड करायला गेले, वारसनोंद करून आले

आमच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली पत्र्याच्या टपरीत एक दस्तलेखक काका बसतात. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. नाव-गाव टाकत नाही, घरचंच प्रकरण आहे.

वडील 2023 साली गेले. चोपड्याकडे साडेतीन एकर, निम्म्यात केळी, निम्म्यात कापूस. भावाने हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला माझा वाटा मी सोडते असा कागद, आधीच टाईप करायला दिलं होतं. मी आधार आणि दोन फोटो घेऊन जायचं, एवढंच माझं काम. आमच्या खान्देशात बहिणी सोडतातच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरच्या झोक्यावर बसायचं असेल तर जमिनीचं नाव काढून कसं चालेल? मीही निमूट गेले. वहिनीने साडीचा रंगसुद्धा विचारून ठेवला होता.

काकांनी भावाला झेरॉक्सला पिटाळलं आणि मला म्हणाले, "ताई, हाऊ कागद कसाना शे, तुम्हले ठाऊक शे का?" मी म्हटलं, सही करायचीय. मग त्यांनी सगळा मसुदा सावकाश वाचला. 'कोणताही मोबदला न घेता' इथे आले, चष्मा काढला आणि गप्प बसले. एकदा नोंदणी झाली की मागे फिरायला दिवाणी कोर्ट, हेही सांगितलं. पाचातले तीन तारे त्या गप्प बसण्याचे.

भाऊ आला आणि वाद सुरू झाला. त्याचं म्हणणं, माझं लग्न 1991 चं, म्हणजे मला हक्कच नाही. हे त्याला कुणीतरी पढवलेलं, आणि अगदीच खोटं नाही. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. काका म्हणाले, ती अट 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली. 2020 साली सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानेच, 2005 मध्ये बाप हयात होता की नव्हता हे बघायचं नाही. आणि बापाच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी 1956 पासूनच वारस आहे. भाऊ म्हणाला, "तुम्ही वकील आहात का?" काका म्हणाले, "नाही. म्हणून तर दीडशेच घेतो."

मला तिथे आई आठवली. 1986 साली ती ट्रकमधून चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेली होती. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून सभा झाल्या. वडील एका सभेला गेले, टाळ्या वाजवून आले. आईचं नाव सातबाऱ्यावर लागलं ते आता, त्यांच्या मागे, माझ्या आणि भावाच्या नावासोबत. वारसनोंदीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र काकांनीच लिहिलं. हक्कसोडीचा स्टँप भावाच्या पिशवीत तसाच राहिला.

आता तक्रारी. अर्जात माझं सासरचं आडनाव चुकवलं. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या, नोटिशीत तेच छापून आलं, दुरुस्तीला पुन्हा एसटीने हेलपाटा. (अर्धं तिकीट, तेवढंच बरं.) बसायला एकच खुर्ची, ती पुरुष धरून बसतात. काकांचा आवाज असा खणखणीत की माझ्या घरची भानगड रसवंतीवाल्यापर्यंत गेली. बाईमाणसाशी असलं बोलणं हळू करावं, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं. म्हणून चारच तारे.

जाताना मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांचे आधार मूळ प्रतींसह न्या. दोन ते तीन ते डबा खातात, तेव्हा कुणाचं ऐकत नाहीत.

यंदा आखाजीला भाऊ न्यायला आला नाही. चार दिवसांनी वहिनीचा फोन आला. तिचं माहेर पारोळ्याकडचं, तिघी बहिणी आणि एक भाऊ. हळूच विचारत होती, ते लिंबाखालचे काका रविवारी असतात का?

रविवारी बंद असतं.